हॅरी ब्रेअर्ली

अहिल्यानगर जिल्ह्यातील खेड्यापाड्यांतून गोळा होणारे दूध संकलन केंद्रांवरील स्टेनलेस स्टीलच्या टाक्यांत थंड केले जाते. ही टाकी गंजत नाही व तिच्यामुळे दुधाची चवही बिघडत नाही. पूर्वी असे नव्हते. पितळेच्या भांड्याची कल्हई उडाली की त्यातील ताक कळकत असे. लोखंडावर गंज चढत असे. ही अडचण दूर करणारे पोलाद ज्यांनी शोधून काढले, त्यांत हॅरी ब्रेअर्ली हा अग्रगण्य होय.

इंग्लंडातील शेफील्ड हे शहर पोलादाबद्दल व चाकूसुऱ्यांबद्दल फार प्रसिद्ध. तेथे १८७१ साली एका गरीब पोलाद-कामगाराच्या घरी हॅरीचा जन्म झाला. बाराव्या वर्षीच त्याची शाळा सुटली. वडिलांच्या कारखान्यात तो कामाला लागला आणि लवकरच तेथील रसायनशाळेत बाटल्या धुऊ लागला. पण तेवढ्यावर तो समाधान मानून राहिला नाही. फावल्या वेळी अभ्यास करून तो धातूंच्या परीक्षणात निष्णात झाला व १९०८ साली एका संशोधनशाळेचा प्रमुख बनला.

१९१२ साली त्याच्याकडे एक काम आले. बंदुकीच्या नळ्या आतून लवकर झिजत. त्या टिकाऊ करावयाच्या होत्या. पुढील वर्षी त्याने पोलादात सुमारे १३ टक्के क्रोमियम मिसळले. सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यापूर्वी पोलादावर आम्लाची क्रिया करावी लागते. परंतु या पोलादावर ती नीट होईना. दुसऱ्या कोणी तो तुकडा बाजूस टाकला असता. हॅरीने त्यावर लिंबाचा रस आणि व्हिनेगरही वापरून पाहिले. चकाकी कायम राहिली! क्रोमियमचा प्राणवायूशी संयोग होऊन या पोलादावर अतिशय पातळ थर बनतो. तोच त्याचे रक्षण करतो. ओरखडा पडला, तरी हवेत तो पुन्हा तयार होतो.

या पोलादाच्या सुऱ्या कराव्यात, असे हॅरीला वाटले. परंतु कारागिरांना त्या नीट साधेनात. न कापणाऱ्या सुऱ्यांचा संशोधक, अशी त्याची थट्टा झाली. तो डगमगला नाही. अखेर १९१४ साली अर्नेस्ट स्टुअर्ट या जाणकाराच्या हातून उत्तम सुऱ्या तयार झाल्या. शोधाच्या हक्कांवरून मालकांशी मतभेद झाल्यामुळे १९१५ साली हॅरीने ती नोकरी सोडली.

त्याच सुमारास जर्मनीतही न गंजणारे पोलाद तयार झाले होते. पुढे निकेल वगैरे धातू मिसळून त्याचे अनेक प्रकार निघाले. शस्त्रक्रियेच्या हत्यारांपासून स्वयंपाकघरातील भांड्यांपर्यंत ते सर्वत्र पोहोचले. १९४८ साली हॅरी निवर्तला. बाटल्या धुणाऱ्या या मुलाने फसलेल्या वाटणाऱ्या प्रयोगाकडे पाठ फिरवली नाही, म्हणूनच हे यश त्याच्या हाती आले.