फ्लॉरेन्स नाइटिंगेल : हातात दिवा, टेबलावर वही



१२ मे हा दिवस जगभर परिचारिका दिन म्हणून पाळला जातो. आपल्यापैकी कित्येकांच्या घरात नर्सिंग करणारी मुलगी, सून वा मावशी आहे. त्यांच्या शपथविधीला आपण गेलो असाल, तर हातात पेटते दिवे घेऊन रांगेने उभ्या राहिलेल्या मुली आपण पाहिल्या असतील. तो दिवा ज्यांच्या स्मरणार्थ पेटवला जातो, त्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची गोष्ट शाळेच्या पुस्तकामुळे आपणां सर्वांना ठाऊक आहे. रात्रीच्या वेळी जखमी सैनिकांच्या खाटांमधून दिवा घेऊन फिरणारी प्रेमळ बाई, एवढे आपल्याला पाठ असते. चित्रांत त्यांच्या हातात समईसारखा उघडा दिवा दाखवतात. प्रत्यक्षात तो घडी घालता येणारा साधा तुर्की कंदील होता. परंतु आज आम्हाला त्या दिव्याविषयी लिहायचे नाही. त्यांच्या टेबलावर असलेल्या वहीविषयी लिहायचे आहे.

फ्लॉरेन्स यांचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरात झाला आणि त्या शहराचेच नाव त्यांना मिळाले. कुटुंब इंग्रज आणि अत्यंत श्रीमंत. दोन मुलींना वडिलांनी घरीच भाषा, इतिहास, तत्त्वज्ञान शिकवले. धाकट्या फ्लॉरेन्सला गणिताची विशेष ओढ होती. त्या काळच्या श्रीमंत घरातील मुलीने उत्तम लग्न करावे आणि पाहुण्यांचे स्वागत करावे, एवढीच अपेक्षा असे. मात्र ७ फेब्रुवारी १८३७ रोजी, वयाच्या १६ व्या वर्षी, देवाने आपल्याला सेवेसाठी हाक दिली आहे असा अनुभव तिला आला आणि तिने तो लिहून ठेवला. हाक आली, पण कोणत्या सेवेची, हे कळायला कित्येक वर्षे गेली. रुग्णसेवा करावी असे ठरले तेव्हा घरच्यांनी कडाडून विरोध केला, कारण त्या काळी इंग्लंडमध्ये इस्पितळातील परिचारिकेला प्रतिष्ठा नव्हती.

फ्लॉरेन्सबाई अँग्लिकन पंथाच्या होत्या, तरी त्यांच्या जीवनात कॅथलिक धर्मभगिनींचा मोठा वाटा आहे. १८४७-४८ च्या हिवाळ्यात त्या रोमला होत्या. तेथे त्रिनिता देई मोंती येथील मठात त्यांनी काही दिवस आध्यात्मिक साधनेत घालवले. पुढे कॅथलिक व्हावे काय, या विचाराने त्यांनी मॅनिंग यांच्याशी, म्हणजे नंतरच्या कार्डिनल मॅनिंग यांच्याशी, पत्रव्यवहारही केला. त्या कॅथलिक झाल्या नाहीत, पण धर्मभगिनी सेवेचे शिक्षण आणि शिस्त कशी देतात हे त्यांनी बारकाईने पाहिले. १८५१ साली जर्मनीतील कायझरवर्थ येथे प्रॉटेस्टंट सेविकांच्या संस्थेत तीन महिने राहून त्यांनी रुग्णसेवेचे शिक्षण घेतले.

१८५४ मध्ये क्रिमियाचे युद्ध भडकले. इंग्रज सैनिक जखमी आणि आजारी होऊन बोटींनी कॉन्स्टँटिनोपलसमोरील स्कुटारी येथील इस्पितळात आणले जात. तेथील हालांच्या बातम्या लंडनच्या वृत्तपत्रांत आल्यावर लोक संतापले. युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट यांच्या विनंतीवरून फ्लॉरेन्सबाई ३८ स्त्रियांचे पथक घेऊन निघाल्या. त्यांत दहा कॅथलिक धर्मभगिनी होत्या. बर्मंडसीच्या मठाच्या मदर मेरी क्लेअर मूर या त्यांच्यापैकीच. दोघींची मैत्री पुढे मदर क्लेअर यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १८७४ पर्यंत, टिकली. ४ नोव्हेंबर १८५४ रोजी हे पथक स्कुटारीस पोहोचले.

पुढचे आपण ऐकलेले आहे. त्यांनी स्वयंपाकघर सुधारले, कपडे धुण्याची सोय केली, स्वच्छ चादरी आणि सदरे मिळवले, रात्री रुग्णांची विचारपूस केली. सैनिक त्यांना देवदूत मानू लागले. इंग्लंडमध्ये घराघरांत त्यांचे नाव झाले.

पण आता एक आकडा वाचा. या बाई आल्यानंतरच्या हिवाळ्यात स्कुटारीतील मृत्यू कमी झाले नाहीत, वाढले. फेब्रुवारी १८५५ मध्ये तेथील मृत्यूचे प्रमाण शेकडा सुमारे ४२ पर्यंत गेले. त्या पहिल्या हिवाळ्यात तेथे ४,००० च्या आसपास सैनिक मरण पावले. बहुतेक जण तलवारीने वा गोळीने नव्हे, तर हगवण, कॉलरा आणि तापाने गेले. इस्पितळाची इमारत तुंबलेल्या गटारांवर उभी होती, पिण्याचे पाणी घाण होते आणि खिडक्या बंद असत. खाटा खेटून लावलेल्या होत्या. मार्च १८५५ मध्ये सरकारने पाठवलेले स्वच्छता आयोगाचे लोक आले. त्यांनी गटारे उपसली, मेलेली जनावरे काढली, हवा खेळती केली. जूनपर्यंत मृत्यूचे प्रमाण शेकडा सुमारे २ वर आले.

युद्ध संपले. ऑगस्ट १८५६ मध्ये त्या गाजावाजा टाळून गुपचूप घरी परतल्या. सत्कार स्वीकारून आयुष्यभर कीर्तीत राहणे त्यांना शक्य होते. त्याऐवजी त्या कागदपत्रे घेऊन बसल्या. सोबतीला विल्यम फार नावाचे सरकारी जन्ममृत्यू नोंदणी कार्यालयातील संख्याशास्त्रज्ञ होते. स्कुटारीत मृत्यूंच्या तीन वेगवेगळ्या नोंदी ठेवल्या जात आणि एकीचा आकडा दुसरीशी जुळत नसे! हे सारे लावून घेताना एक कटू गोष्ट पुढे आली. सैनिक उपाशी आणि थकलेले, फार उशिरा इस्पितळात येतात म्हणून मरतात, असे बाईंना युद्धकाळात वाटत होते. आकडे वेगळेच सांगत होते. आघाडीवरील छावण्यांतल्या साध्या इस्पितळांपेक्षा स्कुटारीत मृत्यूचे प्रमाण अधिक होते. म्हणजे ज्या इमारतीत त्या रात्रंदिवस सेवा करत होत्या, ती इमारतच माणसे मारत होती.

या शोधाने त्यांना किती अपराधी वाटले, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. १८५७ साली त्या आजारी पडल्या आणि पुढील बराच काळ खाटेला खिळून राहिल्या. त्यामागे हा मानसिक धक्का होता असे काही मानतात, तर काही क्रिमियात जडलेल्या तापाचे कारण देतात. आम्ही त्या वादात पडत नाही. आमच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, त्यांनी आकडे लपवले नाहीत. स्वतःच्या कीर्तीचे ठिकाण हेच सर्वांत वाईट इस्पितळ होते, हे त्यांनी १८५८ च्या आपल्या मोठ्या अहवालात मांडले आणि तो अहवाल प्रभावी व्यक्तींच्या हाती जाईल अशी व्यवस्था केली.

मंत्री आणि खासदार आकड्यांचे तक्ते वाचत नाहीत हे त्यांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी एक आकृती काढली. वर्षाचे बारा महिने म्हणजे वर्तुळातील बारा पाकळ्या. टाळता येण्याजोग्या रोगांनी झालेले मृत्यू निळ्या रंगात, जखमांनी झालेले लाल रंगात आणि इतर कारणांचे काळ्या रंगात. पाहताक्षणी निळा रंग डोळ्यांत भरतो. ज्याला दोन ओळी वाचायला वेळ नाही, त्यालाही शत्रूपेक्षा घाणीने अधिक सैनिक मारले हे कळते. शांततेच्या काळात मायदेशी बराकीत राहणारे तरुण सैनिकही त्याच वयाच्या सामान्य नागरिकांच्या जवळजवळ दुप्पट प्रमाणात मरतात, हेही त्यांनी दाखवून दिले. लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने सभासद म्हणून निवडलेल्या त्या पहिल्या स्त्री होत.

गणितानंतर त्या इमारतींकडे वळल्या. इस्पितळावर त्यांनी १८५९ मध्ये पुस्तक लिहिले. त्यात वॉर्डच्या खिडक्या कोठे असाव्यात, दोन खाटांमध्ये किती अंतर असावे, छत किती उंच असावे, संडास कोठे असावेत, मुख्य परिचारिकेला एका नजरेत सारे रुग्ण कसे दिसावेत, याचा बारीक विचार आहे. लांब वॉर्ड, दोन्ही बाजूंना समोरासमोर उंच खिडक्या आणि साधारण ३० खाटा, अशी ती रचना. अशा वॉर्डला आजही त्यांचेच नाव आहे. लंडनचे नवे सेंट थॉमस इस्पितळ १८७१ मध्ये याच पद्धतीने बांधून उघडले. तेथेच १८६० मध्ये त्यांची परिचारिका शाळा सुरू झाली होती.

त्यांच्या प्रामाणिकपणाची आणखी एक परीक्षा झाली. त्यांच्या निधीतून लंडनच्या किंग्ज कॉलेज इस्पितळात सुईणींना शिकवण्यासाठी एक प्रसूती वॉर्ड चालवला जाई. तेथे बाळंतज्वराने माता दगावू लागल्या. १८६७ मध्ये तो वॉर्ड बंद करण्यात आला. असे झाल्यावर माणूस सहसा गप्प बसतो. बाईंनी मात्र निरनिराळ्या प्रसूतिगृहांचे आणि घरी होणाऱ्या बाळंतपणांचे आकडे जमवले. त्या काळी घरी बाळंत होणाऱ्या गरीब स्त्रीपेक्षा मोठ्या प्रसूतिगृहात येणाऱ्या स्त्रीच्या जिवाला धोका अधिक आहे, असे त्यांना दिसले. १८७१ मध्ये त्यांनी हे पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. स्वतःच्या फसलेल्या कामातून त्यांनी इतरांसाठी ज्ञान निर्माण केले.

त्या कधीच चुकल्या नाहीत असे नव्हे. रोग दूषित हवेतून होतात, हे मत त्या दीर्घकाळ धरून होत्या. जंतूंची कल्पना त्यांनी फार सावकाश स्वीकारली. तरी त्यांनी सांगितलेले उपाय, म्हणजे स्वच्छ पाणी, मैल्याचा निचरा, मोकळी जागा, हात धुणे, हे उपयोगीच ठरले.

आपल्या देशाशीही त्यांचा संबंध आहे. त्या भारतात कधी आल्या नाहीत, परंतु भारतातील सैन्याच्या आरोग्याची चौकशी करणाऱ्या शाही आयोगासाठी त्यांनी प्रत्येक लष्करी ठाण्याकडून प्रश्नावली भरून मागवल्या. १८६३ च्या त्या अहवालात दिसले की, येथील इंग्रज सैनिकांपैकी दर १,००० मागे ६९ जण दरवर्षी मरतात. सैनिकांचे आरोग्य सभोवतालच्या गावापासून वेगळे काढता येत नाही, हे त्यांना उमगले. मग त्या येथील खेड्यांची स्वच्छता, दुष्काळ आणि पाटबंधारे या विषयांकडे वळल्या आणि म्हातारपणापर्यंत त्यासाठी पत्रे लिहीत राहिल्या. हे सारे लंडनमधील आपल्या खोलीतून, बहुतेक वेळा खाटेवरून. १८९१ मध्ये ऑक्सफर्डला समाजाच्या प्रश्नांचा आकड्यांनी अभ्यास शिकवणारे प्राध्यापकपद असावे म्हणूनही त्यांनी खटपट केली. ती सफल झाली नाही.

१९०७ मध्ये ऑर्डर ऑफ मेरिट हा सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. १३ ऑगस्ट १९१० रोजी, वयाच्या ९० व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये दफन करण्याचा प्रस्ताव घरच्यांनी नाकारला. ईस्ट वेलो या खेड्यातील चर्चच्या आवारात त्यांना पुरले. थडग्यावर पूर्ण नावही नाही, केवळ दोन आद्याक्षरे आणि तारखा आहेत.

बंधू-भगिनींनो, सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना आम्ही सत्य म्हणजे काय यावर पुष्कळ चर्चा केली. परंतु सत्याची किंमत स्वतःला मोजावी लागते, हे या बाईंच्या चरित्रातून अधिक कळले. देव विश्वाचा कारभार नियमांनी चालवतो आणि ते नियम निरीक्षणाने, मोजमापाने शोधून काढणे हे आपले धर्मकर्तव्य आहे, अशी त्यांची श्रद्धा होती. गटार तुंबल्यामुळे माणूस मेला तर त्याला देवाची मर्जी म्हणणे त्यांना मान्य नव्हते.

आम्ही येथे आपलीच कबुली देतो. धर्मग्रामाच्या मृत्युनोंदवहीत आम्ही वर्षानुवर्षे नाव, वय, तारीख लिहीत आलो आहोत. रुग्णाभ्यंगन संस्कार देण्यासाठी घरोघरी गेलो, दफनविधीला प्रवचन केले आणि परमेश्वराची इच्छा म्हणून कुटुंबाचे सांत्वन केले. मात्र मागची पाने उलटून, कोणत्या वयाची माणसे गेली, तरुण किती, कशामुळे, असा हिशेब आम्ही कधी मांडला नाही. आमचे प्रेम कमी होते असे आम्हाला वाटत नाही. वही वाचायची राहिली, एवढे खरे.

पापनिवेदनापूर्वी आपण आत्मपरीक्षण करतो, तेव्हा आपल्या वाईट कृत्यांची यादी काढतो. फ्लॉरेन्सबाईंनी आपल्या चांगल्या कृत्यांचीही तपासणी केली. मी मनापासून केलेल्या सेवेने खरोखर कोणाचे भले झाले काय, हा प्रश्न विचारण्याचे धैर्य त्यांच्यापाशी होते. आईवडील, शिक्षक, डॉक्टर, परिचारिका, आणि आम्ही धर्मगुरूसुद्धा, हा प्रश्न सहसा टाळतो, कारण आपला हेतू चांगला असतो.

येत्या आठवड्यात आम्ही नोंदवहीची गेल्या दहा वर्षांची पाने काढून बसणार आहोत. धर्मग्रामातील ज्या परिचारिका भगिनींना वेळ असेल, त्यांनी मदतीला यावे, ही विनंती. मृतांची नावे आपल्यातच राहतील. आकडे मात्र आपण सर्वांसमोर ठेवू.

आपला धर्मगुरू