श्रमिकांच्या घरांचा स्थपती

विसाव्या शतकाच्या प्रारंभी बर्लिन शहरातील कामकरी लोक कोंदट चाळींत दाटीने राहत असत. तेथील आतल्या चौकांत सूर्यकिरणही क्वचितच पोहोचे. हे चित्र पालटण्यासाठी ज्यांनी आपली विद्या वेचली, त्यांत ब्रूनो टाउट हा स्थपती अग्रगण्य होय.

त्याचा जन्म इ. स. १८८० मध्ये क्योनिग्सबर्ग येथे झाला. १९१४ साली कोलोनच्या प्रदर्शनात त्याने रंगीत काचेचा मंडप उभारून नाव मिळविले. परंतु केवळ शोभेच्या वास्तूंनी त्याचे समाधान होईना. प्रकाश आणि रंग गरिबांच्याही वाट्याला यावेत, हा ध्यास त्याने घेतला.

१९२४ पासून त्याने बर्लिनमध्ये श्रमिकांसाठी हजारो घरे आखली. ब्रित्स येथील वसाहतीत घोड्याच्या नालाच्या आकाराची एक लांब इमारत असून तिच्या कुशीत तळे व हिरवळ आहे. नक्षीकाम परवडण्याजोगे नव्हते; म्हणून त्याने भिंती निळ्या, तांबड्या, पिवळ्या रंगांनी खुलविल्या.

१९३३ साली हिटलरची सत्ता येताच त्याला मायदेश सोडावा लागला. जपानमध्ये बांधकामे फारशी मिळाली नाहीत, तेव्हा त्याने तेथील वास्तुकलेवर ग्रंथ लिहिले. १९३६ मध्ये तो तुर्कस्तानात अध्यापक झाला. १९३८ साली इस्तंबूल येथे त्याचे निधन झाले.

ज्या देशाने त्याला दूर लोटले, त्याच देशातील त्याच्या वसाहतींना २००८ साली जागतिक वारशाचा मान मिळाला. त्या घरांत आजही माणसे सुखाने नांदत आहेत.