संत फ्रान्सिस आणि ग्रेच्चोचा गोठा

संत फ्रान्सिस यांचा जन्म इटलीतील असिसी येथे एका श्रीमंत कापड व्यापाऱ्याच्या घरी झाला. तारुण्य मौजमजेत गेले. पुढे युद्धातील कैद आणि आजारपण यांमुळे ते अंतर्मुख झाले. वडिलांनी पैसे परत मागितले, तेव्हा बिशपांसमोर त्यांनी अंगावरचे कपडेही उतरवून दिले आणि अपरिग्रहाचा मार्ग धरला.

1223 चा आगमनकाळ, म्हणजे नाताळपूर्वीच्या तयारीचे दिवस होते. फ्रान्सिस यांची दृष्टी आजाराने अधू होत चालली होती. पण प्रभू येशू किती गरिबीत जन्मले, हे त्यांना डोळ्यांनी पाहायचे होते. नाताळच्या सुमारे पंधरा दिवस आधी त्यांनी ग्रेच्चो येथील एका भक्ताला तयारी सांगितली. त्याने गव्हाण मांडली, गवत घातले, बैल आणि गाढव आणले. त्या रात्री गावकरी मशाली घेऊन जमले. गव्हाणीपाशीच मिस्साबलिदान झाले आणि फ्रान्सिस यांनी शुभवर्तमान गायिले.

1226 मध्ये त्यांनी देह ठेवला. आजही वसईच्या धर्मग्रामांत नाताळचे गोठे उभे राहतात. गव्हाण रिकामी होती, म्हणून तिथे प्रभूला जागा मिळाली. आपले मन तेवढे रिकामे आहे का?