डासांचा जमाखर्च मांडणारा डॉक्टर

रोनाल्ड रॉस यांचे नाव शाळेच्या पुस्तकात एका ओळीत येते. मलेरिया डासांमुळे पसरतो हे त्यांनी शोधून काढले आणि त्यासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ओळ खरी आहे. मात्र ती त्यांच्या आयुष्याच्या मध्यावर येऊन थांबते. हैदराबादजवळच्या सिकंदराबाद छावणीत हा शोध लागला तेव्हा ते चाळीस वर्षांचे होते. त्यानंतर ते आणखी पस्तीस वर्षे जगले आणि त्यांतला मोठा काळ सरकारांना एकच हिशेब पटवण्यात गेला: ताप आलेल्या माणसाला बरे करण्यापेक्षा डास वाढू न देणे राज्याला स्वस्त पडते.

१३ मे १८५७ रोजी अल्मोडा येथे त्यांचा जन्म झाला. वडील ब्रिटिश भारतीय सैन्यात मोठ्या हुद्द्यावर पोहोचलेले. मुलाचा ओढा कविता, चित्रे आणि गणिताकडे. डॉक्टर व्हावे ही इच्छा वडिलांची. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात त्यांनी मन लावून अभ्यास केला असे म्हणता येत नाही. तरीही १८८१ साली ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाले. १८८३ मध्ये बंगळूरला असताना त्यांच्या बंगल्यात डासांचा अतोनात उपद्रव होता. खिडकीजवळच्या पाण्याच्या पिंपात त्यांना अळ्या वळवळताना दिसल्या. पिंप उपडे केले आणि डास कमी झाले. छावणीतली अशी सगळी भांडी रिकामी करू, ही त्यांची सूचना मात्र वरच्या अधिकाऱ्याने उडवून लावली. मलेरियाचा आणि डासाचा संबंध तेव्हा कोणालाच सिद्ध करता आला नव्हता, रॉस यांनाही नाही. पण त्यांच्या पुढल्या साऱ्या धोरणाचे बीज या पिंपात होते.

१८९४ च्या रजेत लंडनला त्यांची पॅट्रिक मॅन्सन यांच्याशी गाठ पडली. मलेरियाचा परजीवी डासाच्या शरीरात वाढत असावा, ही मॅन्सन यांची कल्पना रॉस यांनी उराशी धरली आणि १८९५ मध्ये ते सिकंदराबादला रुजू झाले. लवकरच पटकीच्या बंदोबस्तासाठी त्यांना बंगळूरला पाठवण्यात आले. गटारे, विहिरी आणि नगरपालिकेची दप्तरदिरंगाई यांच्याशी तेथे त्यांचा जवळून परिचय झाला. १८९७ च्या उन्हाळ्यात ते पुन्हा सिकंदराबादला परतले. बेगमपेठच्या लहानशा लष्करी रुग्णालयात दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून ते एकेक डास चिरत बसत. उकाडा असह्य होता, पण पंखा चालवला तर विच्छेदन केलेला डास उडून जाई. घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले. १६ ऑगस्टला हुसेन खान या मलेरियाच्या रुग्णाला ठिपकेदार पंखांचे डास चावू दिले गेले. दर डासामागे त्याला एक आणा मिळे. २० ऑगस्ट रोजी अशाच एका डासाच्या जठराच्या भिंतीत काळ्या रंगद्रव्याचे कण असलेल्या गोल पेशी दिसल्या. दुसऱ्या दिवशी आणखी एका डासात त्या अधिक वाढलेल्या आढळल्या, तेव्हा दिशा निश्चित झाली.

हे आणे रॉस यांच्या स्वतःच्या खिशातले होते. त्याच हैदराबादेत १८८८ आणि १८८९ मध्ये भूल देण्याच्या क्लोरोफॉर्मची सुरक्षितता तपासायला निजाम सरकारच्या आश्रयाने दोन आयोग नेमले गेले होते. संशोधनावर राज्याने पैसा खर्च करावा ही कल्पना त्या शहराला नवी नव्हती. रॉस मात्र ब्रिटिश लष्कराचे नोकर. शोधानंतर महिनाभरात त्यांची बदली राजपुतान्यातील खेरवाड्याला झाली, जिथे मलेरियाचे रुग्ण मिळणेच कठीण होते. पुढे कलकत्त्यात काम करण्याची मुभा मिळाली आणि जुलै १८९८ मध्ये पक्ष्यांच्या मलेरियावरून त्यांनी दाखवून दिले की परजीवी डासाच्या लाळग्रंथींत पोहोचतो आणि दंशातून दुसऱ्या प्राण्यात उतरतो. या कामात महंमद बक्ष नावाचा सहायक त्यांच्यासोबत राबत होता. त्याच्या वाट्याला कीर्तीचा अंशही आला नाही, हे रॉस यांच्या गौरवगाथांत क्वचितच सांगितले जाते.

१८९९ मध्ये नोकरी सोडून ते लिव्हरपूलच्या नव्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेत गेले. १९०२ साली नोबेल मिळाले. त्याच वर्षी सुएझ कालवा कंपनीने त्यांना इस्माइलियाला बोलावले. गावात डबकी बुजवणे, सांडपाण्यावर तेल टाकणे आणि घरोघर पाणी तपासणारी माणसे नेमणे एवढेच काम झाले. १९०२ मध्ये दीड हजारांच्या घरात असलेले रुग्ण पुढच्या वर्षी दोनशेच्या आसपास आले आणि १९०५ पर्यंत पन्नासाच्याही खाली गेले. आजारी मजूर आणि रुग्णालयाचे बिल दोन्ही कंपनीच्याच माथी होते; त्यामुळे हिशेब तिला चटकन कळला.

सरकारांना तो कळायला वेळ लागला. १९०७-०८ मध्ये मॉरिशसला जाऊन आल्यावर रॉस यांनी तो गणितात मांडला. एका रुग्णापासून सरासरी एकाहून कमी नवे रुग्ण होऊ लागले की साथ आपोआप ओसरते. म्हणजे सगळे डास मारावे लागत नाहीत. त्यांची संख्या एका मर्यादेखाली नेली की पुरे. खर्च कुठे थांबवायचा हे त्यातून कळत होते. आजच्या साथरोगशास्त्राचा पाया ज्यांनी घातला त्यांत या गणिताला मानाचे स्थान आहे. ब्रिटिश भारतात मात्र लाहोरजवळच्या मियाँमीर छावणीतील प्रयोगाचा दाखला देऊन डासनिर्मूलन परवडणारे नाही असे ठरवले गेले. तो प्रयोग तुटपुंज्या पैशांत आणि अपुऱ्या क्षेत्रात केला, ही रॉस यांची तक्रार होती आणि ती अगदीच अनाठायी नव्हती. सरकारचा भर क्विनाइनवर राहिला. टपाल कचेरीत पैशाला पुडी मिळे. दिलेल्या पुड्या मोजता येत.

गोव्याला हा वाद परका नाही. १९८६ नंतर पणजीत मलेरिया पसरला तो बांधकामांवर साठवलेल्या पाण्यातून आणि गच्चीवरच्या उघड्या टाक्यांतून. त्यानंतर सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली बांधकाम मजुरांची रक्ततपासणी आणि आरोग्यकार्ड आले, विहिरींत अळ्या खाणारे मासे सोडले गेले. २०१६ पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना इस्पितळाचा खर्च उचलते, आणि तिचे लाभार्थी मोजता येतात. टाकीचे झाकण उघडून पाहणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यामुळे ज्याला ताप आलाच नाही, तो कोणत्याच यादीत नसतो. रॉस यांची खरी अडचण हीच होती.

स्वभावाची अडचण वेगळी. ते मानी होते, भांडखोरही होते. माणसाचा मलेरिया ॲनोफिलिस डासात वाढतो हे सिद्ध करणाऱ्या इटलीच्या ग्रासी यांच्याशी त्यांनी श्रेयावरून मरेपर्यंत वैर धरले. ज्या अधिकाऱ्यांकडून पैसा मिळवायचा त्यांनाच ते जाहीरपणे झोडपत. देवीची लस देणाऱ्या जेन्नर यांना ब्रिटिश संसदेने एकूण तीस हजार पौंड दिले होते. त्या धर्तीवर आपल्यालाही मोबदला मिळावा असा अर्ज रॉस यांनी पहिल्या महायुद्धापूर्वी केला. तो नामंजूर झाला. १९२६ मध्ये लंडनला त्यांच्या नावाची संस्था उघडली, पण घरची ओढाताण मिटली नाही. १९२८ मध्ये त्यांनी आपले सारे कागदपत्र विकायला काढले. बेगमपेठच्या दिवसांच्या नोंदी आणि मॅन्सन यांच्याशी झालेला पत्रव्यवहारही त्यांत होता. लेडी ह्यूस्टन यांनी ते दोन हजार पौंडांना घेतले. १६ सप्टेंबर १९३२ रोजी लंडनमध्ये रॉस यांचे निधन झाले. बेगमपेठची ती इमारत आज उस्मानिया विद्यापीठाकडे असून तिला त्यांचे नाव आहे.