मातीचे मातीला : अप्पासाहेब पटवर्धन

आमच्या शाळेच्या वाटेवर एक तळे आहे. पावसाळ्यात ते काठोकाठ भरते. परंतु दिवाळी उलटली की त्यावर जलपर्णी पसरते, पाण्याला दर्प येऊ लागतो, आणि एखाद्या सकाळी मेलेले मासे काठाशी तरंगताना दिसतात. याचे कारण आम्ही विज्ञानाच्या गुरुजींना विचारले, तेव्हा मिळालेल्या उत्तराने आम्ही ओशाळलो. दोष तळ्याचा नव्हता, आमच्या घरांचा होता. मनुष्याच्या मलमूत्रात नत्र व स्फुरद ही पिकांना पोसणारी द्रव्ये असतात. शौचकूपांच्या टाक्यांतून व गटारांतून ती तळ्यात उतरली की शेवाळ व जलपर्णी माजतात. पुढे ती कुजू लागली की पाण्यातील प्राणवायू संपतो आणि मासे गुदमरतात. जे शेताला अमृत, तेच तळ्याला विष!

या अमृताला त्याच्या योग्य स्थानी पोहोचविण्याचा ध्यास घेतलेला एक थोर पुरुष आमच्या शेजारच्या कोकणात होऊन गेला. कोकणचे गांधी म्हणून महाराष्ट्र ज्यांना ओळखतो, ते सीताराम पुरुषोत्तम उर्फ अप्पासाहेब पटवर्धन हेच ते.

अप्पासाहेबांचा जन्म 1894 साली रत्नागिरी जिल्ह्यात झाला. तत्त्वज्ञान हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. त्याच विषयाचे प्राध्यापक म्हणून मानाचे व सुखाचे आयुष्य त्यांच्यापुढे उभे होते. परंतु गांधीजींच्या विचारांनी त्यांना ओढून घेतले आणि ते साबरमतीच्या आश्रमात दाखल झाले. गांधीजींची आत्मकथा त्यांनीच मराठीत आणली. पुढे कोकणात परतून त्यांनी खादी, ग्रामसेवा आणि अस्पृश्यतानिवारण यांना वाहून घेतले. मेलेल्या जनावरांचे कातडे सोडविण्याचे कामही ते स्वतः शिकले. ब्राह्मण कुळात जन्मलेल्या मनुष्याने असे करणे ही त्या काळी सामान्य गोष्ट नव्हती.

1932 सालची एक घटना त्यांच्या चरित्राचा गाभा सांगते. रत्नागिरीच्या तुरुंगात असताना अप्पासाहेबांनी मैला साफ करण्याचे काम आपल्याला मिळावे अशी मागणी केली. ते काम ठराविक जातीच्याच बंद्यांनी करावयाचे, असा शिरस्ता असल्याने अधिकाऱ्यांनी ती नाकारली. तेव्हा अप्पासाहेबांनी आपला आहार कमी केला. शरीर खंगू लागले, तरी मागणी सुटली नाही. ही वार्ता येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींच्या कानी गेली आणि डिसेंबरमध्ये त्यांनीही सहानुभूतीने उपवास आरंभिला. अखेरीस सरकारला नमते घ्यावे लागले. सुखाची सवलत मागण्यासाठी उपवास करणारे पुष्कळ असतील. दुसऱ्याच्या वाट्याची घाण उचलावयास मिळावी म्हणून उपाशी राहणारा मनुष्य विरळाच!

परंतु केवळ झाडू हाती घेऊन हा प्रश्न सुटणार नाही, हे त्यांनी जाणले. एका मनुष्याने दुसऱ्याचा मैला वाहावा, ही वेळच येऊ नये, असा संडास हवा होता. 1948 साली कणकवलीजवळ त्यांनी गोपुरी आश्रम स्थापिला. तेथे त्यांच्या परिश्रमांतून जी पद्धत रूढ झाली, ती गोपुरी संडास या नावाने ओळखली जाते. तिचे तत्त्व बालकालाही समजेल इतके सोपे आहे. मलावर पाण्याचा लोट न सोडता दर वेळी माती, राख किंवा पालापाचोळा टाकावयाचा. एक खण भरला की तो झाकून ठेवावयाचा आणि दुसरा वापरावयाचा. झाकलेल्या खणात जंतू आपले काम करतात व कालांतराने मातीसारखे, दुर्गंधी नसलेले सोनखत तयार होते. मात्र घाई उपयोगाची नाही. रोगजंतू व कृमींची अंडी नष्ट होण्यास पुरेसा अवधी, शक्यतो वर्षभराचा, दिलाच पाहिजे.

अप्पासाहेब तेथेच थांबले नाहीत. संडासातील मलापासून ज्वलनशील वायू मिळविणारे संयंत्रही त्यांनी तयार केले व त्याला मलप्रभा असे नाव दिले. आमच्या खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावणाऱ्या नदीचेही हेच नाव. पण येथे मलातून निघालेली प्रभा, असाही त्याचा अर्थ आहे. 1971 साली अप्पासाहेब निवर्तले. देहू येथील डॉक्टर सुहास मापुसकर यांनी हे काम पुढे नेऊन त्या संयंत्रात सुधारणा केल्या. 2017 साली भारत सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मश्री दिली.

अप्पासाहेबांच्या डोळ्यांसमोर प्रथम माणसाची प्रतिष्ठा होती आणि मातीचा कस होता. त्यांच्या मार्गाने गेलो असतो, तर आमचे तळेही आपोआप वाचले असते. कारण जे द्रव्य मातीत मुरून पिकांनी शोषले, ते पाण्यात उतरत नाही.

आज मैला वाहून नेण्याच्या प्रथेवर कायद्याने बंदी आहे. 1993 साली एक व 2013 साली दुसरा असे दोन कायदे झाले. तरीही टाक्या उपसण्यासाठी आत उतरलेली माणसे गुदमरून मरण पावल्याच्या वार्ता आम्ही वाचतो. टाकीत माणूस गुदमरतो आणि तळ्यात मासा. दोघांच्या मरणाचे मूळ एकच आहे: डोळ्यांआड झाले म्हणजे आपले कर्तव्य संपले, ही आमची समजूत.

अप्पासाहेबांची जयंती 4 नोव्हेंबरला येते. नेमक्या त्याच सुमारास आमच्या तळ्यावर जलपर्णी वाढू लागते. त्या दिवशी त्यांच्या तसबिरीला हार घालून आम्ही परतू नये. आपल्या घरच्या शौचकूपाचे पाणी कोठे जाते, एवढे तरी प्रत्येकाने त्या दिवशी शोधून पाहावे.