बॅरिस्टर बाबासाहेब : वकिलीचे ऋण आणि आपण

आमच्या वसतिगृहात सुटीच्या दिवशी पालक भेटीला येतात. कोणी धडगावच्या डोंगरपट्ट्यातून पहाटेच्या एस.टी.ने येतो, कोणी अक्कलकुव्याहून, कोणी नवापूर-शहाद्याकडच्या खेड्यांतून. लेकरासाठी भाकरी-चटणीची पुरचुंडी असते आणि कित्येकदा त्याच पिशवीच्या तळाशी घडी घातलेला एखादा कागद असतो. तो कागद ते आम्हां शिक्षकांपुढे धरतात. काही वर्षांपूर्वी एका पालकाने दिलेला असा कागद आम्ही उघडून पाहिला, तेव्हा ती जमिनीच्या वादातील न्यायालयाची नोटीस निघाली. हजर राहण्याची तारीख चार दिवसांपूर्वीच उलटून गेली होती. आपल्यावर दावा झाला आहे, हेच त्या गृहस्थाला ठाऊक नव्हते. आम्ही कागद वाचून दाखवला. पण त्याच्या वतीने न्यायालयात उभे राहणे आमच्या हाती नव्हते. वाचता येणे आणि न्याय मागता येणे यांतील अंतर त्या दिवशी आम्हांला नीट कळले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र आपण शाळेत दरवर्षी सांगतो. घटनेचे शिल्पकार, चवदार तळ्याचे सेनानी, धम्मचक्र प्रवर्तक ही त्यांची रूपे आपल्या मुलांना पाठ आहेत. परंतु रोज सकाळी कोर्टात जाणारे, अशिलांची गाऱ्हाणी ऐकणारे वकील बाबासाहेब मात्र मागे राहतात. या स्मरणिकेच्या निमित्ताने त्यांचेच स्मरण करावे, असे आम्हांस वाटते.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या बाबासाहेबांनी कायद्याच्या अभ्यासाला सुरुवात केली ती १९१६ साली, लंडनच्या ग्रेज इनमध्ये. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. पुढे सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले. राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राचे कर्ज यांच्या बळावर १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२२ मध्ये ते बॅरिस्टर झाले आणि १९२३ मध्ये मायदेशी आले. एवढ्या पदव्या मिळवलेल्या या माणसाजवळ वकिलीची सनद काढण्यापुरतेही पैसे नव्हते. तेव्हाही भथेनाच मदतीला धावले. जुलै १९२३ मध्ये बाबासाहेबांची मुंबई उच्च न्यायालयात नोंद झाली.

सनद मिळाली, पण काम कोण देणार? उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत बॅरिस्टरकडे काम येई ते सॉलिसिटरच्या हातून, आणि अस्पृश्य बॅरिस्टरला ब्रीफ द्यायला सॉलिसिटर धजत नसत. म्हणून बाबासाहेबांनी अपील शाखेत आणि जिल्ह्यांच्या कोर्टांत मिळेल ते काम पत्करले. १९२५ पासून सुमारे तीन वर्षे त्यांनी बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवून घरखर्च भागवला. परळच्या बी.आय.टी. चाळीतील दोन खोल्यांत संसार आणि दामोदर हॉलमध्ये कचेरी, असा तो काळ होता. स्वतःचीच अशी ओढाताण असताना गोरगरिबांची कामे ते फी न घेता करीत. पैसेवाल्यांनी पाठ फिरवलेल्या वकिलाकडे ज्यांच्यापाशी पैसे नव्हते ते येत गेले आणि त्याने त्यांना परत पाठवले नाही.

याच दिवसांत त्यांनी संघटनेचे काम हाती घेतले. ९ मार्च १९२४ रोजी दामोदर हॉलमध्ये बैठक झाली आणि २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. शिक्षणाचा प्रसार, वसतिगृहे, वाचनालये, आर्थिक उन्नती आणि अस्पृश्यांची गाऱ्हाणी सरकारदरबारी मांडणे ही तिची उद्दिष्टे होती. बाबासाहेब व्यवस्थापक समितीचे अध्यक्ष झाले. परंतु सभेची पदाधिकाऱ्यांची यादी नीट वाचली की एक गोष्ट ध्यानात येते. सभेचे अध्यक्ष होते सर चिमणलाल सेटलवाड, मुंबईतील नामांकित कायदेपंडित. उपाध्यक्षांत रुस्तमजी जिनवाला आणि बाळ गंगाधर खेर हे दोन सॉलिसिटर होते. ज्या व्यवसायाची दारे बाबासाहेबांपुढे अर्धवटच उघडली होती, त्याच व्यवसायातील मान्यवरांना त्यांनी बहिष्कृतांच्या संस्थेत आणून बसवले. गाऱ्हाणे खरे असून भागत नाही, ते योग्य जागी, योग्य भाषेत आणि मुदतीच्या आत मांडणारा माणूस लागतो, हे त्यांनी ओळखले होते. याच सभेने जानेवारी १९२५ मध्ये सोलापूर येथे विद्यार्थी वसतिगृह सुरू केले. वसतिगृह आणि वकील या दोन्ही गोष्टी एकाच संस्थेच्या छायेत वाढल्या, हे आम्हां निवासी शाळेतील माणसांनी विसरू नये.

१९२६ मध्ये बाबासाहेबांची वकिली सर्वांच्या नजरेत भरली. ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरून दिनकरराव जवळकर, केशवराव जेधे आदी ब्राह्मणेतर कार्यकर्त्यांवर अब्रुनुकसानीचा खटला झाला होता आणि खालच्या न्यायालयाने त्यांना शिक्षा ठोठावली होती. पुण्यात अपिलाचे काम बाबासाहेबांनी चालवले आणि सर्वांना निर्दोष सोडवले. पुढे १९३४ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाच्या खटल्यात र. धों. कर्व्यांच्या बाजूने ते उभे राहिले. लैंगिक प्रश्नांवर उघड लिहिणाऱ्या कर्व्यांची बाजू घेणे त्या काळी लोकप्रियतेचे काम नव्हते. तो खटला ते हरले. पण अशील आपल्या जातीचा आहे का, लोकांना आवडतो का, हा हिशेब त्यांनी केला नाही.

त्यांच्या वकिलीची खरी कसोटी लागली ती महाडला, आणि तेथे ते स्वतःच प्रतिवादी होते. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केल्यानंतर डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला. तोच तळे ही आमची खासगी वहिवाट आहे असा दावा काही सवर्णांनी महाडच्या दिवाणी न्यायालयात लावला आणि १४ डिसेंबर १९२७ रोजी तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. हजारो माणसे महाडला जमली होती. एका शब्दावर ती तळ्याकडे निघाली असती. बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब केला. आपल्या कित्येक तरुणांना हा निर्णय आजही खटकतो. परंतु पुढे काय झाले ते पाहावे. ८ जून १९३१ रोजी महाडच्या न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. ३० जानेवारी १९३३ रोजी ठाण्याला अपील फेटाळले गेले. अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयानेही तोच निकाल कायम केला. अस्पृश्यांना वगळण्याची रूढी अनादि काळापासून चालत आली आहे, हे वादींना सिद्ध करता आले नाही. सव्वानऊ वर्षे तारखांमागून तारखा सांभाळल्या, पुरावे जमवले, प्रत्येक पायरीवर हजर राहिले, म्हणून तळ्याचे पाणी कायद्यानेही सर्वांचे ठरले. एक तारीख जरी चुकली असती तर? आमच्या त्या पालकाची नोटीस आठवते ती याच ठिकाणी.

या निकालानंतर साडेचार महिन्यांनी बाबासाहेब आपल्या भागात आले. तेव्हा नंदुरबार पश्चिम खानदेश जिल्ह्यात होते. वेगळा नंदुरबार जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. ३१ जुलै १९३७ रोजी एका खटल्याच्या कामासाठी ते धुळ्याला आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात उतरले. त्या वेळी ते स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते होते, मुंबई विधिमंडळाचे सदस्य होते आणि शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्यही होते. तरी कोर्टाच्या कामासाठी मुंबईहून खानदेशापर्यंतचा प्रवास त्यांनी केला. दरवर्षी ३१ जुलैला लळिंगला आपल्या समाजाची गर्दी लोटते. आम्हीही तेथे जातो. जाताना मुलांना आवर्जून सांगतो, की बाबासाहेब येथे आले ते वकील म्हणून, काळा कोट घालून, एक खटला चालवायला.

संविधान लिहिताना हाच अनुभव त्यांच्या पाठीशी होता. मूलभूत हक्क लिहून ठेवणे पुरेसे नाही, ते मागण्यासाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाता आले पाहिजे, यासाठी असलेल्या ३२व्या अनुच्छेदाला त्यांनी सर्वाधिक महत्त्व दिले. अटक झालेल्यास आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क २२व्या अनुच्छेदात आला. ज्याला वकील परवडत नाही त्याचे काय, हा प्रश्न मात्र पुढच्या पिढ्यांकडे राहिला. मुंबई सरकारने १९४९ मध्ये न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली याच प्रश्नावर समिती नेमली, तेव्हा मुख्यमंत्री होते बहिष्कृत हितकारिणी सभेचे जुने उपाध्यक्ष बाळासाहेब खेर. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्याच वर्षी त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ विधी महाविद्यालय सुरू केले होते. आपल्या मुलांनी वकील व्हावे, ही त्यामागची ओढ स्पष्ट आहे.

१९७६ च्या घटनादुरुस्तीने ३९-अ हा अनुच्छेद आला आणि मोफत कायदेविषयक साहाय्य हे राज्याचे कर्तव्य ठरले. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. या कायद्याने अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, स्त्रिया, बालके, दिव्यांग आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो. आपल्या वसतिगृहातील बहुतेक घरे या यादीत बसतात. जिल्हा न्यायालयात आणि तालुक्याच्या न्यायालयात यासाठी कार्यालय असते. १५१०० या क्रमांकावर दूरध्वनीही करता येतो. पालकांनी हा क्रमांक घरात लिहून ठेवावा, आणि न्यायालयाचा कागद आला तर सुटीच्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी कोणाकडून तरी वाचून घ्यावा.

आता शब्द माजी विद्यार्थ्यांसाठी. आपल्या शाळेची काही मुले-मुली आज वकील आहेत, याचा आम्हांस अभिमान आहे. त्यांना फी घेऊ नका असे आम्ही म्हणणार नाही. संसार सर्वांनाच असतो, बाबासाहेबांनाही होता. आमचे मागणे एवढेच आहे, की महिन्यातला एक भेटीचा दिवस शाळेला द्यावा. व्हरांड्यात एक टेबल आणि दोन खुर्च्या आम्ही मांडून ठेवू. पालकांच्या पिशवीतला कागद तुम्ही वाचावा, तारीख पाहावी, पुढची वाट दाखवावी, आणि जमल्यास त्यांच्यासोबत कोर्टापर्यंत जावे. चाळीतल्या दोन खोल्यांतून एका कर्जबाजारी बॅरिस्टरने जे सुरू केले, ते पुढे न्यायला याहून मोठी जागा लागत नाही.

जय भीम!