बालबोधकार विनायक कोंडदेव ओक

मुलांस वाचावयास काय द्यावें, हा प्रश्न आज रामदासपेठेंतील अनेक पालकांपुढें असतो. दुकानांतील कित्येक पुस्तकांवर वाचकांचें वय छापलेलें आढळतें, आणि शिशु, बाल व कुमार असे वाङ्मयाचे विभागहि पाडलेले दिसतात. परंतु मूल हा प्रौढांहून निराळा वाचक आहे, ही गोष्ट थोड्यांच्याच ध्यानांत आली होती असा एक काळ होता. त्या काळीं मुलांसाठीं आपली लेखणी झिजविणाऱ्या एका सत्पुरुषाचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत सादर करीत आहोंत.

विनायक कोंडदेव ओक यांचा जन्म १८४० सालीं रत्नागिरी जिल्ह्यांतील हेदवी या गांवीं झाला. पुढें त्यांनीं शिक्षणखात्यांत नोकरी केली. त्या वेळीं मुलांच्या हातीं मुख्यतः क्रमिक पुस्तकें असत. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनीं १८२८ सालींच इसापाच्या नीतिकथा मराठींत आणल्या होत्या, आणि मिशनरी मंडळींनीं ‘बालबोधमेवा’ हें मुलांचें मासिकहि काढलें होतें. तरी शाळा सुटल्यावर मुलांनीं आपण होऊन वाचावें असें वाङ्मय फारच थोडें होतें.

१८८१ हें साल ओकांच्या आयुष्यांत विशेष महत्त्वाचें होय. त्या सालीं त्यांची ‘शिरस्तेदार’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. कचेऱ्यांतील लाचलुचपतीचें तींतील चित्र प्रौढांसाठीं होतें. त्याच सालीं, निर्णयसागर छापखान्याचे संस्थापक जावजी दादाजी यांच्या साह्यानें, त्यांनीं मुलांसाठीं ‘बालबोध’ हें मासिक सुरू केलें. वाचक कोण आहे हें पाहून विषय, वाक्यें व शब्द निवडावे लागतात, हें त्यांनीं पुरतें ओळखलें होतें. मोडीहून सुबोध अशा देवनागरी लिपीस बाळबोध म्हणत. मासिकाचें नांवहि तसेंच अन्वर्थक होतें.

या मासिकांत थोर पुरुषांचीं चरित्रें, कविता, निबंध व शास्त्रीय माहिती येत असे. बहुतेक लेखन ओक स्वतःच करीत. नुसतीं चरित्रेंच त्यांनीं सुमारें चारशें लिहिलीं. १९१४ सालीं देहावसान होईपर्यंत, म्हणजे तेहतीस वर्षांहून अधिक काळ, त्यांनीं हें व्रत सोडलें नाहीं.

त्यांच्या कार्यास मर्यादाहि होत्या. ‘बालबोधां’त बोध व माहिती यांचा भर अधिक, कल्पित गोष्टींचा कमी, आणि आठ वर्षांचें मूल व पंधरा वर्षांचा कुमार यांस तेथें एकाच पंक्तीस बसावें लागे. ही उणीव पुढील पिढ्यांनीं हळूहळू भरून काढली. १९०६ सालीं वासुदेव गोविंद आपटे यांनीं ‘आनंद’ मासिक काढून मनोरंजनास मानाचें स्थान दिलें. आमच्या नागपुरांतूनहि ‘मुलांचें मासिक’ निघूं लागलें. कालांतरानें भा. रा. भागवत यांच्या फास्टर फेणेच्या रूपानें कुमारांस आपल्याच वयाचा धाडसी शाळकरी नायक लाभला.

पालकांस आमची एवढीच विनंति आहे कीं, पुस्तकावरील वयाचा आंकडा निवडीस साह्य करणारा समजावा. त्याचें कुंपण करूं नये. दहा वर्षांच्या मुलास मोठें चरित्र झेपत असेल तर तें त्याच्या हातून काढून घेऊं नये, आणि चौदा वर्षांच्या मुलास सोपी गोष्ट आवडली म्हणून त्याला हिणवूं नये. आमच्या विद्यार्थिबंधुभगिनींनींहि धाकट्या भावंडांस रोज एखादी गोष्ट वाचून दाखवावी. त्यांस काय कळतें, काय आवडतें आणि कोठें जांभई येते, हें छापील आंकड्यापेक्षां तेथें अधिक चांगलें समजेल. ओकांनीं ज्या वाचकासाठीं जन्मभर लिहिलें, त्याची ओळख आपणांस अशा रीतीनें घरींच होईल.